बाहेरून एकदम परफेक्ट संसार, मग आतला छळ कुणालाच कसा दिसत नाही?

एखाद्या बाईचा नवऱ्याने छळ केल्याची बातमी आली की दोन वाक्यं हमखास कानावर पडतात. पहिलं, "अगं पण ती दोघं तर किती छान होती!" आणि त्याच्या मागोमाग दुसरं, "एवढं सगळं चाललं होतं तर ही बोलली का नाही?" विचारणाऱ्यांच्या मनात बहुतेक वेळा वाईट काही नसतं, त्यांना खरंच कळत नसतं, कारण त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं असतं की तो चारचौघांत तिचं कौतुक करतो, तिची बॅग उचलतो, लग्नाच्या वाढदिवसाला लांबलचक पोस्ट टाकतो आणि फोटोत ती पण मस्त हसतेय. मग ही दोन चित्रं एकाच घरातली कशी?

तेच इथे जरा सावकाश बघू. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते: ते सुंदर चित्र हा बऱ्याचदा छळाचाच भाग असतो, आणि ते रोज पुसून चकचकीत ठेवायचं काम तिच्या गळ्यात घातलेलं असतं. हे एकदा लक्षात आलं की "बोलली का नाही" या प्रश्नाचं उत्तर बरंचसं आपोआप सुटतं.

मारहाण हा त्यातला एक तुकडा

छळ म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर काळानिळा डोळा येतो. पण ज्यांनी या विषयावर वर्षानुवर्षं काम केलंय ते सांगतात की मारहाण कधीमधी होते आणि बाकीचं सगळं रोज चालू असतं. या बाकीच्याला नाव आहे कोअर्सिव्ह कंट्रोल, म्हणजे धाक, पाळत, पैसा, एकटं पाडणं असं सगळं मिळून एका माणसाने दुसऱ्या माणसाच्या रोजच्या जगण्यावर मिळवलेला ताबा. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ इव्हान स्टार्क यांनी २००७ मध्ये ही कल्पना सविस्तर मांडली आणि मग ती हळूहळू कायद्यात पण आली. पुढे मी याला नुसतं ताबा म्हणेन.

त्याच्या बऱ्याच आधी, १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या डुलुथ नावाच्या गावात कार्यकर्त्यांनी छळ सोसलेल्या बायकांना बसवून विचारलं की तुमच्यासोबत नक्की काय काय होतं, आणि त्यांच्या सांगण्यावरून एक चाक काढलं. मध्यभागी सत्ता आणि ताबा. त्याचे आरे म्हणजे धमक्या देणं, नुसत्या नजरेने किंवा वस्तू आपटून घाबरवणं, अपमान करणं, माणसांपासून तोडणं, "एवढं काय झालं, तूच वाढवतेस" म्हणून उडवून लावणं, मुलांचा वापर करणं, घरात आपलाच शब्द शेवटचा ठेवणं आणि पैसे अडवणं. शारीरिक आणि लैंगिक हिंसा ही त्या चाकाची बाहेरची धाव, जी सगळ्या आऱ्यांना जागेवर धरून ठेवते. एकदाच मारलेली थोबाडीत पुढे वर्षभर कामाला येते ती अशी, नंतर नुसतं बघितलं तरी पुरतं.

भारतातला २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा, जो ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला, तो पण शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-भावनिक आणि आर्थिक अशा चारही प्रकारांना हिंसाच म्हणतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये डिसेंबर २०१५ पासून असा ताबा ठेवणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, हात न उगारता केला तरी, आणि शिक्षा ५ वर्षांपर्यंत.

आता गंमत बघा (गंमत कसली म्हणा), या आऱ्यांमधला एकही प्रकार फोटोत दिसत नाही. फोनचा पासवर्ड त्याच्याकडे आहे, पगार त्याच्या खात्यात जातो, कुठे जायचं तर लोकेशन चालू ठेवून जायचं, बहिणीशी बोलणं होतं पण स्पीकरवर. यातलं कुठलंही एक बाहेरच्या माणसाला सांगून बघा, तो म्हणेल काळजी करतो गं तुझी.

सुंदर चित्र कुणाला हवं असतं?

"त्याला राग आवरत नाही हो, बाकी माणूस सोन्यासारखा आहे" हे वाक्य तर इतक्यांदा ऐकलेलं असतं की ते खरंच वाटायला लागतं. पण राग आवरत नसता तर तो साहेबावर पण उठला असता, ट्रॅफिक पोलिसावर पण उठला असता. तिथे बरोबर आवरतो. मार बसतो तो कपड्यांखाली झाकेल अशा जागी. आणि मध्येच दाराची बेल वाजली तर तो दोन सेकंदांत शांत होऊन हसत दार उघडतो, मागे ही रडून लाल झालेली, केस विस्कटलेले, आवाज चढलेला. आलेल्या माणसाला दोघांपैकी कोण ठीक नाही असं वाटेल, सांगा बरं.

धंद्यात काही लोक दोन वह्या ठेवतात, एक दाखवायची आणि एक खरी. अशा घरात पण दोन वह्या असतात, फक्त इथे दाखवायची वही लिहायला बसवतात तिला, आणि सही मात्र दोघांची. समारंभाला जाताना गाडीत भांडण, शिव्या, आणि उतरताना "तोंड नीट कर". मग ती नीट करते. प्रत्येक फोटो, प्रत्येक "आम्ही मजेत" ही त्या वहीतली एक ओळ, तिच्याच अक्षरात. उद्या तिने तोंड उघडलं तर तो हीच वही काढून दाखवणार, बघा, मागच्याच महिन्यात हिनेच लिहिलं होतं की असा नवरा मिळायला भाग्य लागतं. आणि आजूबाजूचे दहा जण साक्षीला उभे, की हो, आम्ही पाहिलंय, फार प्रेम आहे त्याचं. म्हणजे चित्र जितकं देखणं तितकी त्याची बाजू भक्कम आणि तिची सुटका महाग.

चांगुलपणाचा सगळाच देखावा ठरवून केलेला असतो असं मी म्हणत नाहीये. काही जण चारचौघांत खरंच चांगले वागतात, मित्राच्या अडचणीला रात्री धावून जातात, आणि घरी वेगळे असतात. दोन्ही खरं असतं. म्हणूनच तर पटत नाही लोकांना.

गायिका टीना टर्नरचं उदाहरण सगळ्यांना माहीत असेल. स्टेजवर ती आणि नवरा आयक म्हणजे एक झळाळती जोडी, दौरे, रेकॉर्ड, टाळ्या, आणि पडद्यामागे वर्षानुवर्षं मारहाण. जुलै १९७६ मध्ये डॅलसमध्ये ती हॉटेलातून निसटली तेव्हा खिशात ३६ सेंट आणि पेट्रोलपंपाचं एक कार्ड एवढंच होतं. एवढी गाजलेली बाई, आणि खिशात ३६ सेंट, यावरून पैशाच्या नाड्या कुणाकडे होत्या ते कळतं. आणि मासिकाला मुलाखत देऊन तिने हे जगाला सांगितलं ते १९८१ मध्ये. म्हणजे सुटल्यावरही ५ वर्षं गेली.

दुसरं उदाहरण निकोल ब्राउन सिम्प्सनचं. नवरा ओ. जे. सिम्प्सन फुटबॉलचा हिरो, जाहिरातींतला हसरा चेहरा. १९८९ मध्ये पत्नीला मारहाण केल्याच्या खटल्यात त्याने आरोपाला विरोध केला नाही, शिक्षा किरकोळ झाली, आणि त्याची लोकप्रियता होती तशीच राहिली. १९९२ मध्ये घटस्फोट, जून १९९४ मध्ये निकोलचा खून. (खुनाच्या फौजदारी खटल्यात तो १९९५ मध्ये निर्दोष सुटला, १९९७ मध्ये दिवाणी कोर्टाने जबाबदार धरलं.) तिच्या मृत्यूनंतर बँकेतला तिचा लॉकर उघडला तर आत तिच्या मार खाल्लेल्या चेहऱ्याचे फोटो आणि त्याची पत्रं निघाली. ही खरी वही. जपून, कुलूपबंद ठेवलेली. न बोलणारी बाई काहीच करत नसते असं ज्यांना वाटतं त्यांनी त्या लॉकरचा जरा विचार करावा.

मग ती लपवते का?

एकच कारण असतं तर सोपं झालं असतं.

भीती तर आहेच, पण ती फक्त आजच्या माराची नसते, बोलल्यावर काय होईल याची जास्त असते. ती रोज मनात गणित करत असते: आईला सांगितलं, आई रडत त्याला फोन करेल, तो तिच्याशी गोड बोलेल, फोन ठेवेल, आणि मग रात्र आहे. पोलिसात गेले, ते त्याला बोलावून समज देतील आणि घरी सोडतील, मग परत रात्र आहे. या गणितात गप्प राहणं हेच बऱ्याचदा सगळ्यात सुरक्षित उत्तर निघतं, निदान आजच्यापुरतं. बाहेरून आपल्याला तो भित्रेपणा वाटतो, आतून बघितलं तर तो हिशोब बहुतेक वेळा अचूक असतो, कारण त्या माणसाला तिच्याइतकं ओळखणारं दुसरं कुणी नसतं.

मग लाज. झाकली मूठ सव्वा लाखाची हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय, त्यात लग्न तिने हट्टाने केलेलं असेल तर अजूनच, कारण मग "आम्ही सांगत होतो" ऐकावं लागणार.

मग आशा, आणि हे बाहेरच्यांना सगळ्यात कमी कळतं. मानसशास्त्रज्ञ लेनोर वॉकर यांनी १९७९ मध्ये मारहाण सोसलेल्या बायकांच्या मुलाखतींवरून एक चक्र मांडलं: आधी ताण वाढत जातो, मग स्फोट होतो, मग माफी, फुलं, रडणं, शपथा, आणि काही दिवस अगदी नव्या नवलाईसारखे जातात. हे सगळ्यांना लागू होत नाही, कितीतरी घरांत माफीबिफी काही नसते, नुसता ताणच ताण, आणि वॉकर यांच्या मांडणीवर नंतर टीका पण झाली. पण जिथे हे चक्र चालतं तिथे ती त्या चांगल्या दिवसांना धरून राहते. डोनाल्ड डटन आणि सुझन पेंटर या संशोधकांनी १९८१ मध्ये याला ट्रॉमॅटिक बाँडिंग म्हटलं, म्हणजे जो दुखावतो त्याच्याकडूनच अधूनमधून, कधी मिळेल ते सांगता येणार नाही अशी, माया मिळत राहिली की त्याच्याशीच नातं घट्ट होतं. मायेचा भरवसा असता तर इतकी ओढ लागली नसती. त्यामुळे ती वाढदिवसाची पोस्ट टाकते ना, ती दरवेळी खोटी नसते बरं का. त्या दिवशी तिला ते खरंच वाटत असतं.

आणि शेवटचं, स्वतःवरचाच विश्वास उडणं. रोज कुणी सांगत राहिलं की असं झालंच नाही, तुझ्या डोक्यात काहीतरी आहे, मी ढकललं नाही तूच पडलीस, तर काही वर्षांनी माणूस स्वतःच्या आठवणी तपासायला लागतो. ज्याला काय झालं हेच नक्की सांगता येत नाही तो दुसऱ्याला काय सांगणार? कुणाला सांगितलं तर तोडकंमोडकं, तारखा इकडच्या तिकडे, मध्येच हसते, मध्येच "जाऊ दे" म्हणते, आणि ऐकणाऱ्याला वाटतं की ही बनवून सांगतेय.

यात मुलं, पैसा, परदेशात असेल तर त्याच्यावर अवलंबून असलेला व्हिसा, हे सगळं मिळवा. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, फक्त तोंड दाबणारे हात बरेच असतात, एकट्या नवऱ्याचे नसतात.

किती जणी गप्प राहतात? भारताच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, २०१९-२१ च्या फेरीत, १८ ते ४९ वयाच्या लग्न झालेल्या (किंवा कधीतरी झालेल्या) बायकांपैकी साधारण २९ टक्के जणींनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा झाल्याचं सांगितलं. आणि हिंसा सोसलेल्यांपैकी ७७ टक्के जणींनी ना कुणाची मदत मागितली, ना कुणाला सांगितलं. चारातल्या तीन! आणि हिंसा सोसणाऱ्यांचा जगाचा आकडा पण आपल्या २९ टक्क्यांपासून फार लांब नाही, जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये दिलेल्या अंदाजानुसार १५ ते ४९ वयाच्या, जोडीदार असलेल्या किंवा पूर्वी असलेल्या बायकांपैकी सुमारे २७ टक्के जणींवर जोडीदाराकडून अशी हिंसा झालेली आहे. त्यामुळे आपल्या ओळखीत असं कुणी नाही असं ज्यांना वाटतं, त्यांना बहुधा कुणी सांगितलेलं नाही एवढंच.

एवढी शिकलेली, कमावती बाई, तिला कसं जमत नाही?

शिक्षणाने आणि पगाराने वाट मोकळी व्हायला मदत होते यात वाद नाही, पण चित्र टिकवायचा दबाव पण त्याच प्रमाणात वाढतो. लोकांनी तिला खंबीर म्हणून डोक्यावर घेतलेलं असतं, ऑफिसात ती दहा जणांची टीम सांभाळते, मग "मी घरी मार खाते" हे म्हणायचं कसं? सौदी अरेबियातली टीव्ही निवेदिका रानिया अल-बाझ, रोज पडद्यावर दिसणारा चेहरा. २००४ मध्ये नवऱ्याने तिला इतकं मारलं की चेहऱ्याची हाडं ठिकठिकाणी मोडली. तिने तो सुजलेला चेहरा वर्तमानपत्रात छापू दिला आणि देशभर खळबळ उडाली. तोपर्यंत ती कॅमेऱ्यासमोर नीटनेटकी बसूनच बोलत होती.

मार दिसत कसा नाही?

यातला एक भाग मला मुद्दाम सांगायचाय कारण तो लोकांना अजिबात माहीत नसतो. गळा दाबणं.

गळा दाबल्यावर काही सेकंदांत शुद्ध हरपू शकते आणि तरी गळ्यावर काहीच दिसत नाही असं खूपदा होतं. अमेरिकेतल्या सॅन डिएगोमध्ये अशा ३०० केसेस तपासल्या गेल्या, २००१ मध्ये तो अभ्यास छापून आला, तर अर्ध्या केसेसमध्ये पोलिसांना एकही खूण दिसली नव्हती, आणि आणखी ३५ टक्क्यांमध्ये खुणा इतक्या पुसट होत्या की फोटोत येईनात. आवाज घोगरा होणं, गिळायला त्रास, डोळ्यात लाल ठिपके, डोकं गरगरणं, मधल्या वेळेचं काही न आठवणं, ही लक्षणं असतात आणि काही तर तासांनी किंवा दिवसांनी दिसायला लागतात. त्यामुळे "आता ठीक वाटतंय" असलं तरी डॉक्टरकडे जायलाच हवं, आणि तिथे गळा दाबला होता हे स्पष्ट सांगायला हवं, नाहीतर सर्दीखोकला समजून घरी पाठवतात.

आणि हे नुसतं दुखापतीपुरतं पण नाही. २००८ मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात दिसलं की ज्या बाईचा जोडीदाराने आधी कधी गळा दाबलाय तिचा पुढे त्याच्याच हातून खून होण्याची शक्यता ७ पटीने वाढते. त्यामुळे कुणी जाता जाता, हसत, "रागात गळाबिळा धरतो कधीकधी" असं म्हणाली तर ते सोडून द्यायचं वाक्य नाहीये.

बाकीचं झाकायला पूर्ण बाह्यांचे कपडे, मेकअप, "दार लागलं", "पाय घसरला". उशीर होणार असेल तर त्याची आधीच माफी मागून ठेवणं, व्हिडिओ कॉल टाळून नुसता आवाज, ठरलेलं शेवटच्या क्षणी रद्द करणं, कुठल्याही साध्या प्रश्नाला उत्तर देण्याआधी त्याच्याकडे बघणं. यातल्या एखाद्या गोष्टीवरून काहीच ठरत नाही. पण पूर्वी मोकळी असलेली मैत्रीण वर्ष-दोन वर्षांत हळूहळू अशी होत गेली असेल तर तो बदल लक्षात घ्यायचा.

मग काय, सगळी सुखी जोडपी संशयित?

नाही हो. बहुतेक हसरे फोटो हे नुसते हसरे फोटो असतात. फोटोवरून छळ ओळखता येत नाही, तसाच फोटोवरून छळ नाही असंही ठरवता येत नाही, एवढाच मुद्दा. साध्या भांडणात आणि ताब्यात फरक बघायचा असेल तर भीती कुणाला आहे ते बघा. भांडणात दोघं ओरडतात, दोघं चुकतात, आणि "नाही" म्हटल्यावर जगबुडी होत नाही. ताब्यात एकच माणूस सतत दुसऱ्याचा मूड वाचत वावरतो.

आणि "हे पुरुषांसोबत पण होतं ना?" होतं. समलिंगी जोडप्यांमध्ये पण होतं, आणि पुरुष तर लाजेपायी अजूनच लपवतात, त्यांना पण हेच सगळं लागू आहे. पण जीव जाण्यापर्यंत गोष्ट जाते तेव्हा आकडे सारखे नाहीत. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये जगात सुमारे ५१,१०० स्त्रिया आणि मुली जोडीदाराच्या किंवा घरच्यांच्या हातून मारल्या गेल्या, म्हणजे त्या वर्षी मुद्दाम मारल्या गेलेल्या स्त्रिया-मुलींपैकी ६० टक्के. पुरुषांमध्ये हेच प्रमाण १२ टक्क्यांच्या आसपास आहे.

मग सोडून का जात नाही?

कारण सोडून जाण्याचा काळ हाच सगळ्यात धोक्याचा असतो. हे ऐकायला उलटं वाटतं, पण मूळ गोष्ट ताब्याची आहे हे लक्षात ठेवलं की नीट कळतं. ती निघाली की ताबा सुटतो, आणि तो परत मिळवायला माणूस कुठल्याही थराला जाऊ शकतो. अमेरिकेतल्या नर्सिंगच्या प्राध्यापक जॅकलिन कॅम्पबेल यांनी १९८० च्या दशकात जिवाचा धोका किती आहे हे मोजायची एक प्रश्नावली बनवली, त्यात नुकतीच वेगळी झाली का, गळा दाबला का, घरात बंदूक आहे का, सतत पाळत ठेवतो का, असे प्रश्न आहेत.

ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनमध्ये हॅना क्लार्क मुलांना घेऊन नवऱ्यापासून वेगळी झाली होती. फेब्रुवारी २०२० मध्ये त्याने तिला आणि तिन्ही मुलांना मारलं. तो मारहाण करत नव्हता म्हणून हा छळ आहे असं बराच काळ तिलाच वाटलं नव्हतं, असं तिच्या आईवडिलांनी नंतर सांगितलं. या प्रकरणानंतर तिथे कायद्याची मागणी वाढली, न्यू साउथ वेल्स राज्यात जुलै २०२४ पासून आणि क्वीन्सलंडमध्ये मे २०२५ पासून ताबा ठेवणं गुन्हा झालं.

त्यामुळे "आजच्या आज बॅग भर आणि निघ" हा सल्ला देणाऱ्याला हलकं वाटतं, घेणारीला महागात पडू शकतो. निघायचंच, पण ठरवून, गुपचूप, आणि जाणकार माणसाच्या मदतीने.

आपण काय करायचं?

पहिलं, नवऱ्याशी बोलायला जायचं नाही. "मी समजावतो त्याला" म्हणणारे काका-मामा-मित्र सगळीकडे असतात आणि त्याची किंमत ते गेल्यावर ती चुकवते. तिच्या फोनवर मेसेज टाकायचे नाहीत, तो वाचत असेल असंच धरून चालायचं. एकटी सापडेल तेव्हा, घाई नसताना, साधं विचारायचं: "तू ठीक नाहीस असं मला वाटतंय. काही सांगायचं असेल तर मी आहे, दुसऱ्या कुणाला कळणार नाही." नाही म्हणाली तर खोदायचं नाही. हो म्हणाली तर मध्ये बोलायचं नाही, "तेव्हाच का नाही बोललीस" तर अजिबात नाही.

"पण एकाच बाजूचं ऐकून कसं ठरवायचं?" अहो ठरवायचंच नाहीये आपल्याला काही. शिक्षा कोर्ट देईल, पुरावे पोलीस बघतील, आपल्याला फक्त ऐकून घ्यायचंय आणि ती सुरक्षित कशी राहील ते बघायचंय. त्यासाठी दोन्ही बाजू लागत नाहीत.

मग कामाच्या गोष्टी. ओळखपत्रं, बँकेचे कागद, मुलांचे दाखले यांच्या प्रती तिच्या घराबाहेर, थोडे पैसे आणि औषधं सुद्धा. एखादा ठरलेला शब्द, जो फोनवर आला की समजायचं मदत पाठवायची आहे. जखमांचे फोटो तिच्या फोनमध्ये किंवा दोघांच्या अकाउंटवर नकोत, कारण ते आपोआप त्याच्या पण स्क्रीनवर जाऊ शकतात. २०२० मध्ये कॅनडातल्या एका महिला संस्थेने हाताची एक खूण काढली, तळवा समोर, अंगठा आत, वरून चार बोटं मिटायची, व्हिडिओ कॉलवर न बोलता मदत मागायला. २०२१ मध्ये अमेरिकेत एका बेपत्ता मुलीने चालत्या गाडीतून ही खूण केली, मागच्या गाडीवाल्याने ओळखली आणि ती सुटली. माहीत असलेली बरी.

भारतात १८१ ही महिला हेल्पलाइन आहे आणि जिवावर बेतलं असेल तर ११२. वर सांगितलेल्या २००५ च्या कायद्यात संरक्षण अधिकारी नेमलेले असतात, आणि छळ होतोय असं वाटणारा कुणीही त्यांना कळवू शकतो, चांगल्या हेतूने कळवलं तर कळवणाऱ्यावर कारवाई होत नाही. त्या कायद्यात नवऱ्याला जवळ यायला बंदी आणि बाईला राहत्या घरातच राहू देण्याचा आदेश दोन्ही मिळू शकतात, म्हणजे दरवेळी घर तिनेच सोडायला पाहिजे असं नाही. हे फार जणींना माहीत नसतं. पण कळवायच्या आधी शक्यतो तिला विचारा, पोलीस किंवा अधिकारी दारात आल्यावर त्या घरात तीच असणार आहे, आपण नसणार.

आणि दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "काही नाही गं, रागात बोलले"?

म्हणेल. बऱ्याच जणी म्हणतात, आणि वर त्याच्यासोबतचा हसरा फोटो पण टाकतात. तेव्हा चिडायचं नाही, फसवल्यासारखं वाटलं तरी गप्प बसायचं. सांगितल्यावर रात्रभर तिने सगळं गणित परत केलेलं असतं, कदाचित त्याने फोन बघितलेला असतो. "बरं, काही हरकत नाही, माझा नंबर आहे तुझ्याकडे" एवढंच म्हणायचं, काल ऐकलेलं तिसऱ्या माणसाला सांगायचं नाही, आणि फोटोला इतरांसारखंच लाइक करून टाकायचं, कारण तो कोण काय करतंय ते बघत असतो. तिने ठेवायला दिलेले कागद, पैसे, फोटो असतील तर ते तसेच राहू द्यायचे, ती स्वतः मागेपर्यंत.